पत्ता वाटायचं काम राउटरलाच करू द्या

मंडळी, परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांना दोन इंटरनेट जोडण्या सांभाळाव्या लागतात. एक इथली आणि एक तिथली, म्हणजे आईबाबांच्या घरची. तिथलं बिल बाबा वेळेवर भरत असतील, पण वायफाय बसलं की फोन आपल्यालाच येतो. तुम्ही डॉक्टर असा, वकील असा की माझ्यासारखे पदार्थविज्ञानात पीएचडी करून प्रयोगशाळेत रमलेले असा, त्या फोनवर तुम्ही 'कॉम्प्युटरमधले'च असता.

अशा फोनांवर बराच वेळ घालवल्यानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. घरातल्या कुठल्याही उपकरणात आयपी पत्ता हाताने टाकू नये. फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सगळ्यांनी पत्ता राउटरकडे मागावा. एखाद्याला कायम तोच पत्ता हवा असेल तर तो राउटरमध्ये राखून ठेवावा, उपकरणात कोरू नये. आणि पत्ते वाटणारा घरात एकच असावा. हे मत तुमच्यातल्या काही इंजिनियर मंडळींना पटणार नाही याची कल्पना आहे. त्यांच्याकडे येतेच, पण आधी ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते.

एखाद्या देवस्थानाचं भक्तनिवास डोळ्यांसमोर आणा. दाराशी व्यवस्थापक बसलेला असतो, त्याच्यापुढे एक रजिस्टर. तुम्ही जाता, तो रिकामी खोली बघतो, नाव लिहितो, किल्ली देतो आणि सांगतो, 'उद्या याच वेळेपर्यंत.' जेवणघर कुठे, बाहेर जायचं दार कुठलं, हेही सांगतो. घरच्या राउटरमध्ये नेमका असाच एक व्यवस्थापक बसलेला असतो. त्याचं नाव डीएचसीपी. तुमचा फोन वायफायला जोडला गेला की त्याच्याकडे स्वतःचा पत्ताच नसतो, त्यामुळे तो सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक मारतो, 'इथे पत्ता देणारं कोणी आहे का?' राउटर म्हणतो, 'आहे, १९२.१६८.१.१०५ घे.' फोन म्हणतो, 'चालेल, तोच द्या.' राउटर म्हणतो, 'दिला.' चार निरोप, एवढंच. त्या शेवटच्या निरोपातच बाकीची माहितीही येते: या घराचा विस्तार केवढा, बाहेर जायचं दार कुठलं, आणि संकेतस्थळांची नावं आकड्यांत बदलून देणारा डीएनएस सर्व्हर कोण.

किल्ली मुदतीवर असते. बऱ्याच घरगुती राउटरांत ही मुदत २४ तासांची असते. अर्धी मुदत सरली की फोन आपणहून वाढवून मागतो, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. मुदतीचं महत्त्व घरात चारच माणसं असताना कळत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला हॉलमध्ये तीनशे माणसं येतात, राउटरकडे पत्ते अडीचशे आणि मुदत २४ तास. मग सकाळी खुर्च्या लावून घरी गेलेल्या स्वयंसेवकांनी अडवलेले पत्ते संध्याकाळच्या प्रेक्षकांना मिळत नाहीत. तिथे मुदत एखाद्या तासाची ठेवायला हवी. हा सल्ला मंडळाच्या समितीला फुकट.

ही सोय कायमची नव्हती. आधी नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राचा पत्ता कोणीतरी माणूस ठरवायचा, यादीत लिहायचा आणि यंत्रात टाकायचा. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाची पद्धत मांडली. तिच्यामुळे यंत्राला सुरू होताना पत्ता विचारता येऊ लागला, पण यादी मात्र माणसानेच आधी भरून ठेवायची. १९९३ मध्ये डीएचसीपी आली. पेनसिल्व्हानियातल्या बकनेल विद्यापीठातले राल्फ ड्रॉम्स तिचे मुख्य लेखक, आणि १९९७ चा त्यांचा आरएफसी २१३१ हा दस्तऐवज आजही पायाभूत मानला जातो. तिच्यातली नवी गोष्ट म्हणजे मुदत. पत्ता दिला की तो कायमचा गेला असं नाही, वापर संपला की परत येतो आणि दुसऱ्याला मिळतो. जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणूनच आपल्या सगळ्यांच्या घरात १९२.१६८ ने सुरू होणारे तेच ते पत्ते दिसतात. ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखलेले आहेत. सांगलीतलं १९२.१६८.१.१०५ आणि सिएटलमधलं १९२.१६८.१.१०५ यांचा एकमेकांशी संबंध नाही, जसा दोन गावांतल्या दोन भक्तनिवासांतल्या बारा नंबरच्या खोल्यांचा नसतो.

आता कोरलेला पत्ता म्हणजे काय ते बघा. एक पाहुणा येतो, व्यवस्थापकाकडे न जाता थेट बारा नंबरच्या खोलीत शिरतो आणि स्वतःचं कुलूप लावतो. रजिस्टरमध्ये खोली रिकामी आहे. व्यवस्थापक हुशार असेल तर दुसऱ्याला ती खोली देण्याआधी दार वाजवून बघतो, आतून ओ आली की दुसरी देतो. पण पाहुणा त्या वेळी बाहेर गेला असेल तर?

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हे जसं घडलं ते सांगते, कारण यात फक्त इंटरनेटचा प्रश्न नव्हता. तिची आई सांगलीकडे एकटी असते, विसराळूपणा वाढलेला. रात्रीच्या सोबतीला एक मावशी येतात. मैत्रिणीने हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला, अर्थात आईला सांगून आणि मावशींना सांगून. बसवणाऱ्या मुलाने कॅमेऱ्यात पत्ता कोरला, शेवटचा आकडा १०५. राउटर आपोआप वाटत होता तो गठ्ठा १०० पासून पुढे, म्हणजे १०५ त्याच्याही वाटणीतला. काही महिने सगळं ठीक. मग एका संध्याकाळी लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर होता, कॅमेरा नव्हता. मावशींनी नुकताच नवा फोन घेतला होता आणि तो त्या अंधारातच वायफायला जोडला. राउटरने १०५ चं दार वाजवलं, कोणी ओ दिली नाही, पत्ता मावशींच्या फोनला दिला. लाइट आली, कॅमेरा जागा झाला आणि कोणाला न विचारता आपल्या जुन्या खोलीत जाऊन बसला.

त्या दिवसापासून एका पत्त्यावर दोघं. बाहेरून आलेलं उत्तर राउटर कधी कॅमेऱ्याकडे पाठवणार, कधी फोनकडे. सकाळी मावशी घरी गेल्या की कॅमेरा उत्तम चालायचा. संध्याकाळी त्या आल्या की अर्ध्या मिनिटात चित्र गोठायचं. रोज. आता हजारो मैलांवर बसलेल्या मुलीला यातून काय दिसणार? मावशी येतात आणि कॅमेरा बंद होतो. दहा दिवसांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'बाई बदलायला हवी' इथपर्यंत गोष्ट गेली होती. मग तिने स्क्रीन शेअर करून मला राउटरची यादी दाखवली. १०५ समोर मावशींच्या फोनचं मॉडेल होतं, आणि कॅमेऱ्याच्या ॲपमध्येही पत्ता १०५. कॅमेऱ्याचं सेटिंग ऑटोमॅटिक केलं, राउटरमध्ये त्याच्यासाठी वेगळा पत्ता राखला, आणि विषय संपला. मावशी अजून त्याच घरी येतात. त्यांच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते त्यांच्या कानावर गेलेलं नाही.

यंत्रं खोटं बोलत नाहीत असं आपण सहज म्हणतो. या कॅमेऱ्याने खोटं सांगितलं नव्हतंच, पण जुळून येण्यालाच कारण समजण्याची आपली सवय एका गरीब बाईच्या नोकरीवर उठली होती. प्रयोगशाळेत आम्ही याविरुद्ध वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेतो आणि घरच्या ग्रुपवर पाच मिनिटांत विसरतो.

दुसरा प्रकार कमी गंभीर, पण उन्हाळ्यात हमखास दिसणारा. आईबाबा सहा महिन्यांसाठी इकडे येतात. बाबांचा लॅपटॉप सोबत. तिकडे कधीतरी कॉम्प्युटरवाल्या मुलाने 'नेट फास्ट होईल' म्हणून त्यात पत्ता आणि बाहेरचं दार दोन्ही कोरून ठेवलेलं असतं, १९२.१६८.१.५० आणि १९२.१६८.१.१. तुमच्या इथल्या घरात राउटर १०.०.०.१ वर आहे. लॅपटॉप वायफायला जोडला जातो, पण अस्तित्वात नसलेल्या दाराकडे बघत बसतो. बाबा म्हणतात, 'तुमचं अमेरिकेतलं नेट काही खरं नाही.' पत्ता कोरल्याने वेग वाढत नाही, हे एकदा स्वच्छ लिहून टाकते. पत्ता मागण्यात जातो तो जोडणीच्या सुरुवातीचा एखाद-दुसरा सेकंद. त्यानंतर चित्रपट उतरवताना तुमचा पत्ता मागून घेतलेला आहे की कोरलेला, याने काडीचा फरक पडत नाही.

आता इंजिनियर मंडळी. त्यांचा मुद्दा असा की राउटरमधला डीएचसीपी बिघडला तर सगळं घर आंधळं होतं, कोरलेला पत्ता मात्र चालू राहतो. खरं आहे. पण घरात तोच राउटर बाहेरचं दारही असतो. तो बिघडल्यावर पत्ता शाबूत असून जाणार कुठे? मोठ्या कार्यालयात काही सर्व्हरना कोरलेले पत्ते देतात, कारण तिथे त्यांची नोंद ठेवणारा पगारी माणूस असतो. आमच्या संस्थेत तर तेही फारसं चालत नाही. नवं उपकरण आलं की आयटीवाले त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क चिपवरची बारा अक्षरी ओळख, लिहून घेतात आणि मधल्या सर्व्हरवर त्याच्या नावे पत्ता राखतात. उपकरणात कोणी हात घालत नाही. घरी नोंदवही ठेवणारं कोणीच नसतं. असलंच तर ते तीन वर्षांपूर्वी बेंगळुरूला बदली होऊन गेलेलं असतं. म्हणून घराला राखीव पत्ता जास्त शोभतो: नोंद आणि अंमल एकाच जागी, आणि ती जागा राउटर.

राखीव पत्त्याची एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो मॅक पत्त्यावर बेतलेला असतो, आणि आजचे फोन आपला मॅक पत्ता लपवतात. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतःची एक बनावट ओळख सांगतो, म्हणजे मॉलमधल्या आणि विमानतळावरच्या जाळ्यांना तुमचा माग काढता येऊ नये. चांगली गोष्ट आहे, बंद करू नका. फोनला राखीव पत्ता लागतच नाही. तो लागतो जागचं न हलणाऱ्या वस्तूंना: प्रिंटर, कॅमेरा, घरचे फोटो साठवणारी हार्ड डिस्क. त्या बहुधा खरी ओळखच सांगतात. अशी वस्तू बदलली की राउटरमधली नोंदही बदलायची, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ मात्र दोन व्यवस्थापकांचा. भारतात फायबरवाला एक डबा देतो. तो नुसता मोडेम नसतो, त्यातच राउटर असतो आणि डीएचसीपी चालू असतो. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याच्या लॅन भोकातून दुसऱ्याच्या लॅन भोकात वायर लावतो. आता एका भक्तनिवासाच्या दारात दोन माणसं, दोन रजिस्टरं, आणि फोनच्या हाकेला जो आधी ओ देईल त्याची किल्ली. दुसरा राउटर आपल्यालाच बाहेरचं दार म्हणून सांगतो, पण त्याच्या मागे बाहेर जायला वाटच नसते. म्हणून आईचा फोन चालतो आणि बाबांचा चालत नाही, आणि बंद करून चालू केला की उलटं होतं. वायर दुसऱ्याच्या वॅन भोकात लावली तर हे भांडण होत नाही, पण घराचे दोन वाडे होतात आणि एका वाड्यातल्या फोनला दुसऱ्या वाड्यातला प्रिंटर सापडत नाही. उपाय साधा आहे. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा स्वतःचा पत्ता द्या आणि वायर लॅनमध्येच ठेवा. हो, इथे हाताने पत्ता टाकावा लागतो. राउटर आणि ॲक्सेस पॉइंट हे माझ्या नियमाला अपवाद. दरवानाला खोलीचं आरक्षण करायला सांगता येत नाही.

डीएचसीपीच्या स्वभावात एक भाबडेपणा आहे तोही माहीत असू द्या. हाकेला जो ओ देईल त्यावर उपकरण विश्वास ठेवतं, ओळखपत्र मागत नाही. आणि ओ देणारा डीएनएस सर्व्हरही सांगत असल्यामुळे, ज्याच्या हातात राउटर त्याच्या हातात तुम्ही टाइप केलेलं बँकेचं नाव कुठे पोचणार हे असतं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने डीएनएसचेंजर नावाच्या टोळीवर कारवाई केली तेव्हा शंभरहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक चुकीच्या डीएनएसकडे वळवलेले होते. तो व्हायरस घरगुती राउटरांचे मूळचे, न बदललेले पासवर्ड वापरून त्यांचीही सेटिंग्ज बदलू पाहायचा. राउटरच्या प्रशासकाचा पासवर्ड 'ॲडमिन' ठेवणं म्हणजे रजिस्टर दारात उघडं टाकून जेवायला जाणं. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. पहिला पाहुण्यांना द्या, हा देऊ नका.

प्रत्यक्षात करायचं ते फार नाही. पुढच्या भारतभेटीत एक दुपार पुरते. फोनच्या वायफाय माहितीत 'गेटवे' किंवा 'राउटर' समोरचा आकडा बघा आणि तो ब्राउझरमध्ये टाका. लॅन किंवा डीएचसीपी नावाचं पान शोधा. डीएचसीपी सर्व्हर चालू आहे ना ते पाहा, वाटायचा गठ्ठा समजा १०० ते १९९ असा ठेवा, मुदत २४ तास. तिथेच जोडलेल्या उपकरणांची यादी असते. कॅमेरा आणि प्रिंटर त्यातून निवडून ॲड्रेस रिझर्वेशनमध्ये घाला. काही राउटरांना राखीव पत्ता गठ्ठ्याच्या आतला लागतो, काहींना बाहेरचाही चालतो, ते राउटर स्वतःच सांगतो. मग त्या वस्तूंमधलं सेटिंग ऑटोमॅटिक करून त्या एकदा बंद-चालू करा. शेवटी प्रशासकाचा पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सुरक्षातज्ज्ञ नाक मुरडतील, पण बाबांच्या कपाटाची भीती मला रशियन हॅकरपेक्षा बरीच कमी वाटते.

कॅमेरा बाहेरून थेट बघण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडण्याच्या फंदात मात्र पडू नका. भारतात बऱ्याच जोडण्यांत कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते, त्यामुळे ते बहुधा चालतच नाही, आणि चाललं तर तुमच्याबरोबर बाकीच्या जगालाही दार दिसतं.

आणि तोवर फोन आलाच, तर बाबांना पहिला प्रश्न 'बंद करून चालू केलं का' हा विचारू नका. 'बाबा, वायफायच्या नावावर बोट ठेवा आणि आयपी पत्ता काय लिहिलाय तो वाचून दाखवा,' एवढंच सांगा. लॅपटॉप किंवा आयफोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल, तर हाकेला कोणी ओ दिली नाही आणि यंत्राने स्वतःच तात्पुरता पत्ता लावून घेतला. राउटरकडे किंवा मधल्या वायरकडे बघा. ॲन्ड्रॉइड अशा वेळी 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकून बसतो. आईच्या फोनचे पहिले तीन आकडे एक आणि बाबांच्या फोनचे वेगळे, किंवा आकडे सारखे पण गेटवे वेगळा, तर दुसरा व्यवस्थापक शोधा, तो बहुधा मागच्या खोलीत टीव्हीच्या मागे आहे. दोघांचे आकडे आणि गेटवे जुळतात तरी नेट नाही, तर बिघाड बहुतेक घराबाहेरचा. फायबरवाल्याला फोन करा आणि झोपा.

राहिला बाबांचा लॅपटॉप. विंडोजमध्ये वायफायच्या गुणधर्मांत आयपी असाइनमेंट आणि डीएनएस असाइनमेंट अशा दोन ओळी असतात. पहिली सुधारून दुसरी विसरली जाते, म्हणून दोन्ही ऑटोमॅटिक करा. सहा महिन्यांनी ते परत जाताना त्यात काही बदलायचं नाही. सांगलीत झाकण उघडल्यावर तो तिथल्या राउटरला पत्ता विचारेल.